नळीतला एक तास

लिराच्या दवाखान्यात वीज गेली
की सगळी यंत्रं माना टाकतात.
ही काचेची नळी तेवढी चालू राहते.
तिला लागतं फक्त उभं राहणं
आणि रक्ताचं स्वतःचं वजन.

मी घड्याळ लावते. साठ मिनिटं.
ओक्विर, वय नऊ, बाकावर आईला टेकून.
सोमवारी गुडघा, बुधवारी घोटा,
आज कोपर, आणि गुडघा जणू कधी दुखलाच नव्हता.
आई म्हणते, दुखणं भाडेकरूसारखं खोल्या बदलतंय.
मलेरिया निघाला नाही, दोनदा पाहिला.
घसा?
"हो, धरला होता, आंबे पाडाला आले तेव्हा.
मिठाच्या गुळण्यांनी बसला."

घसा विसरून गेला.
रक्त मात्र उधारीची वही ठेवणारं:
कोण आलं, किती दिवस राहिलं,
काय नासधूस करून गेलं.
एएसओ म्हणजे तिच्यातलं एक पान,
डीनेज-बी दुसरं, जरा उशिरा लिहिलेलं.

चोर कधीच पळाला.
शिपाई काही बराकीत परतले नाहीत.
हृदयातली एक पातळ झडप,
दिवसातून लाख वेळा उघडमीट करणारी,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
तिचा चेहरा म्हणे थोडा चोरासारखा.
संन्याशाला सुळी देतात ना, तसं
धरलं तिलाच.

पण आकडा म्हणजे तरी काय?
छापील पत्रकात लिहिलंय, दोनशेच्या वर संशय.
कुणाच्या मुलांचे हे दोनशे?
एका चटईवर सहा जण
एकमेकांचा श्वास पांघरून निजत होते का ती?
म्हणून गेल्या सत्रात मी शाळेत गेले.
धडधाकट पोरं निवडली, दंडाला रबर बांधलं,
एकेक नळी रक्त, एकेक बिस्किटाचा पुडा.
धडधाकट पोरांचे आकडे चारशे, पाचशे.
इथे प्रत्येकाच्या वहीत चोराचं नाव आहे.

सत्तावीस नंबरची नळी माझ्या मुलीची.
सातशे चाळीस.
ओक्विरचे आज सहाशे दहा.
सातशे चाळीसवाली तेव्हा बाहेर
दोरीवर उड्या मारत होती, मोठ्यानं मोजत,
त्र्याण्णवला चुकली, पुन्हा एकपासून.
मी नंबर तीनदा ताडून पाहिला.

साठ मिनिटं झाली.
लाल खाली बसलंय, वर पिवळट पाणी.
शहाण्णव मिलिमीटर.
सिस्टर डॉर्कस त्याच्या बरगड्यांवर कान लावून
डोळे मिटून उभी राहते, बराच वेळ.
मग म्हणते, दोन ठोक्यांच्या मध्ये
कुणीतरी फुंकर घालतंय.
तेव्हा कुठे माझा सहाशे दहा
साक्षीला उभा राहतो, दोघांच्या मध्ये.
एकट्याचं त्याचं कुणी ऐकू नये.

दर चार आठवड्यांनी येतो तो सुईला.
दह्याइतकं दाट पेनिसिलिन; दुपारभर लंगडतो.
जूनमध्ये नळी चाळिसावर थांबली,
ऑगस्टमध्ये बारावर.
सीआरपी त्याआधीच निवला.
एएसओ उतरतोय, पण म्हाताऱ्यासारखा,
पायरी पायरी, कठडा धरून.
फुंकर आहे तिथेच आहे.

परवा म्हणाला, "आकडा खाली आला ना? मग सुई कशाला?"
मी म्हटलं, आकडा झालेलं सांगतो,
सुई अजून न झालेल्यासाठी.
"कधीपर्यंत?"
एकविसावं लागेपर्यंत.
तो बोटांवर वर्षं मोजू लागला,
बोटं संपली,
तेव्हा आईचा हात ओढून घेतला त्यानं
आणि तिची दोन उधार घेतली.

रात्री घरी मी फोनचा दिवा लावते.
आ कर.
आ.
अजून मोठा.
मुलगी हसते, जीभ मध्ये येते,
उजेड हलतो,
आणि लाल, ओलसर, नेहमीचंच
असं काहीतरी दिसतं.